फ्रिजच्या दारातून पाणी थेंबथेंब येतं, बर्फ बंद झालाय. मेकॅनिक बोर्ड बदला म्हणून राहिला. बदलू का?

एवढ्यात नका बदलू. तुम्ही लिहिलंय त्यावरून फ्रिज दोन उभ्या दारांचा आहे, मागून पाण्याची नळी जोडलेली आहे, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये तो नीट चालत होता आणि मानेवाड्याच्या एकमजली घरात आणल्यावर आधी बर्फ अर्धवट पडू लागला, मग धार बारीक झाली. फ्रिज तोच, बोर्ड (फ्रिज चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) तोच. बदललं ते पाणी. मी नागपुरातच फ्रिज-वॉशिंग मशीनची कामं करतो, आणि अशी तक्रार आली की पाना काढायच्या आधी विचारतो, टाकी किती उंचीवर आहे?

बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत या फ्रिजला पाण्याचं किमान २० पीएसआय (दाब मोजायचं माप), म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.४ किलो प्रेशर लागतं असं लिहिलेलं असतं. पाण्याची टाकी १० मीटर वर असेल तेव्हा कुठे १ किलो मिळतं. तुमच्या घरात स्लॅबवरची टाकी ते फ्रिज हे अंतर जेमतेम ३-४ मीटर. नळाला पाणी भरपूर येतं म्हणाल, पण त्याने बादली भरते, प्रेशर कळत नाही. नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरा. सहज अडवता आलं तर समजून जा, प्रेशर कमी आहे.

आता दोन्ही तक्रारींचं मूळ एकच कसं ते बघा. फ्रिजच्या मागे नळी लागते तिथे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. तो उघडतो विजेने, पण घट्ट बंद होतो तो मागून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने. दाबच नसेल तर आतला पडदा नीट बसत नाही आणि थेंब थेंब झिरपत राहतो. ते थेंब बर्फाच्या साच्यात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोठतात. काही दिवसांत तिथे बर्फाचं बूच बसतं, की साच्याला पाणीच नाही. शिवाय साचा भरायला व्हॉल्व्ह काही सेकंदच उघडतो. तेवढ्यात कमी दाबाने पाणी कमी पडतं. तुमचे सुरुवातीचे अर्धवट, पोकळ खडे त्याचेच. (खडे पूर्ण असून एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असतं, तर मी विचारलं असतं, लाइट किती वेळ जाते? वितळून परत गोठल्याची ती खूण.)

पहिले फ्रिजचा प्लग काढा, मागचा कॉक बंद करा, नळी सोडवा आणि बाटलीत धरून कॉक उघडा. अर्धा लिटर भरायला अर्ध्या मिनिटाच्या फार वर लागत असेल तर दोष फ्रिजच्या बाहेर आहे. धार जोरात असेल तर फिल्टर पाहा. तो साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो, बोअरचं पाणी असेल तर त्याआधीच चोंदतो. फिल्टर काढून त्या जागी बायपासचं झाकण लावा. धार सुधारली, तर उत्तर मिळालं.

फ्रीझरचं तापमान किती ठेवलंय? बाहेर ४५ डिग्री झाली की आपल्याकडे लोक काटा थेट तळाला नेतात. मग दारातून जाणारी पाण्याची नळीच गोठते. उणे १८ पुरे. पाण्याचा दांडा दाबल्यावर मागून घुर्र आवाज येतो पण पाणी येत नाही, तर गोठणं किंवा प्रेशर. आवाजच नाही, तर आधी दारावरच्या पाण्याच्या बटणांचा लॉक लागलाय का आणि दार पूर्ण बंद होतंय का ते बघा. बर्फाचं बूच काढायला प्लग काढून कोमट पाणी सिरिंजने सोडा. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, साचा फुटला की खरंच खर्च येतो.

आणखी एक गोष्ट हमखास दिसते: आरओच्या टाकीतून फ्रिजला जोड. घरातल्या बहुतेक आरओच्या टाकीला दाब नसतो, पाणी नुसतं उतारावर येतं. तुमची जोड तशी असेल तर ती आधी तोडा, किंवा मध्ये प्रेशर स्विचचा (दाबानुसार आपोआप चालू-बंद होणारा) छोटा बूस्टर पंप लावा. टाकीवरून थेट जोड असेल तरी उपाय हाच. पंप घेताना तो ८ किलोच्या आत बंद होतो ना हे विचारून घ्या, त्यापुढचा दाब फ्रिजला झेपत नाही.

एवढं करूनही पाणी आलं नाही, तर मेकॅनिकला मीटर घेऊन बोलवा. दांडा दाबून धरलेला असताना व्हॉल्व्हच्या टोकांवर वीज येते का, ते तुमच्या समोर मोजायला लावा. मॉडेलप्रमाणे २३० किंवा १२ व्होल्ट असतील. वीज येत असेल तर बोर्डाने आपलं काम केलंय, व्हॉल्व्ह बदला. तो बोर्डाच्या मानाने फार स्वस्त पडतो. वीज येत नसेल आणि वायरिंग, दाराचा स्विच ठीक असेल, तरच बोर्डाची गोष्ट.

पंप लागल्यावर आठ-दहा लिटर पाणी वाहू द्या, नळीतली हवा निघेल. बर्फाला मात्र एक दिवस द्या, आणि पहिल्या दोन खेपा मोरीत टाका.