तीव्र अपंगत्व असलेला आमचा दत्तक मुलगा गेला. लोक म्हणतात, 'सुटला.' त्याला आठवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय, आठ वर्षं सांभाळलेला मुलगा गेला, फोटो बघावेत तर खुर्ची, पट्टे आणि नळ्याच डोळ्यांत भरतात, आणि भेटायला येणारा जो तो 'सुटला बिचारा, तुम्हीही सुटलात' म्हणून जातो. माझा मुलगा जाऊन चार वर्षं झाली. तोही दत्तकच. आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता, गेला तेव्हा सतरावं पुरं व्हायचं होतं. म्हणून उत्तर द्यायला बसले.

आधी त्या शब्दाचं. 'सुटला' मला आजही गिळता येत नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे कळतं. पण त्याच्या शरीरातून त्याला वेगळा काढून 'सुटला' कसं म्हणायचं? त्याच ताठ, वाकड्या शरीराने तो हसायचा. चिकटपट्टीचा रोल खर्रकन ओढला की आधी त्याची बोटं उघडायची, मग हनुवटी वर जायची आणि मग पोटातून हसू यायचं, आवाज न करता, नुसतं पोट हलायचं. अचानक झालेल्या आवाजाने अशी मुलं बहुधा दचकतात, तोही दचकायचा. भांडं पडलं तरी अंग ताठ व्हायचं. हा एकच आवाज मात्र त्याला आवडायचा. का, ते कुणालाच कळलं नाही.

त्याला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूला लवकरच इजा झाल्यामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा नसणं. या मुलांची हालचाल कितपत आहे त्यावरून पाच स्तर करतात. ही मोजपट्टी १९९७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मांडली. तो पाचव्या, म्हणजे सगळ्यात अवघड स्तरावर. मान धरायचा नाही, आधाराशिवाय बसायचा नाही, शब्द एकही नाही. डोळे ठीक होते, पण दिसलेलं मेंदूत नीट उलगडत नव्हतं. समोर धरलेली स्थिर वस्तू कळायची नाही, तीच हळूहळू हलवली की कळायची. मेंदूतली इजा वाढत नाही, हे खरं. पण मूल वाढतं आणि ताठ स्नायू हाडांना ओढत राहतात. नवव्या वर्षी त्याचा खुबा निसटला, मग कणा वाकत गेला. अकराव्या वर्षी पोटात नळी बसवली, कारण भरवलेलं श्वासनलिकेत उतरत होतं आणि तेही खोकला न येता. खोकला नाही म्हणून आम्हाला कळलंच नाही, न्यूमोनिया दोनदा झाल्यावर कळलं. याची बोच माझ्या मनात आहे. तिच्यावर औषध नाही, आणि मी शोधतही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मला तो फोटोंत सापडला नाही. तो सापडला एका वहीत.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी 'कम्युनिकेशन पासपोर्ट' नावाची छोटी पुस्तिका करतात. दवाखान्यात किंवा शाळेत नवा माणूस आला की तो ती वाचतो आणि मुलाशी कसं वागायचं ते त्याला कळतं. ती मुलाच्याच तोंडून लिहायची असते. आमच्या थेरपिस्टताईंनी सुचवलं म्हणून आम्ही एका साध्या वहीत ती केली. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आहे:

"मी हो म्हणतो तेव्हा वर बघतो. नाही म्हणतो तेव्हा डोळे मिटतो. मला उत्तर द्यायला वेळ लागतो. पंधरापर्यंत मोजा. मधेच दुसरा प्रश्न विचारलात तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते."

पुढे यजमानांच्या अक्षरात, "मला उजव्या कुशीवर बरं वाटतं. दोन गुडघ्यांच्या मधे उशी ठेवा, नाहीतर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात." त्याखाली, नळीने घशातला कफ ओढून काढण्याबद्दल, म्हणजे सक्शनबद्दल, थोरल्या मुलीचं वाकडंतिकडं, "सक्शन करण्याआधी मला सांगा. न सांगता नळी घातली तर मी रागावतो आणि मला राग येतो हे लोकांना माहीत नसतं."

शेवटचं वाक्य तिने बारा वर्षांची असताना लिहिलं. त्याला राग येतो, कंटाळा येतो, आवड-नावड आहे, हे तिला आमच्या आधी दिसलं होतं. आम्ही बरीच वर्षं त्याच्या अंगावरच्या जखमा, वजन, फिट्सची नोंद, गोळ्यांच्या वेळा यांतच गुंतलो होतो. ते करावंच लागतं, नाही केलं तर मूल जगत नाही. पण आठवताना माझ्याकडे नोंदी ढीगभर होत्या आणि मुलगा थोडाच होता. वहीमुळे तो परत भेटला.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या मुलाची अशी वही आत्ता लिहायला घ्या. तो गेला असला तरी 'मी' असंच लिहा. काय आवडायचं, कुणाचा आवाज ओळखायचा, कशावर चिडायचा, झोपताना हात कुठे ठेवायचा. एकट्याने लिहू नका. त्याला उचलणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या, शिकवणाऱ्या प्रत्येकाला विचारा. आमच्याकडे दिवसा येणाऱ्या मावशींनी नंतर सांगितलं, "मी केस विंचरायला बसले की तो माझ्या बांगडीकडे कान द्यायचा." मला हे ठाऊकच नव्हतं. त्याची आई मी, आणि मला ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट, 'रक्ताचा थोडाच होता' हेही तुमच्या कानावर येईल, आलं असेल. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत. आपल्याकडे तर दोन्हीकडून मोजलं जात नाही. मूल दत्तक म्हणून अर्धं वजा, अपंग म्हणून उरलेलं वजा. तुम्ही हा हिशोब मान्य करू नका. आम्ही त्याला दत्तक घेतला तेव्हा निदान कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दया आली म्हणून नाही घेतला. पहिल्या भेटीत मी त्याच्याशी बोलत राहिले आणि बऱ्याच वेळाने, अगदी सावकाश, त्याने मान माझ्या आवाजाकडे वळवली. एवढंच झालं होतं. त्यानंतर दुसऱ्या मुलाची फाइल उघडावीशी वाटली नाही.

आणि एक, जे कुणी बोलत नाही. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी सलग आठ तास झोपले. उठल्यावर अंग हलकं वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं, म्हणजे लोक खरंच बोलत होते की काय. नाही. तेरा वर्षं रात्री दोनदा उठून कूस बदलणाऱ्या शरीराला विश्रांती मिळाली, इतकाच त्याचा अर्थ. दमणं वेगळं आणि मूल नकोसं होणं वेगळं. तुम्हालाही कधी असं हलकं वाटलं, तर त्यावरून स्वतःच्या मायेबद्दल शंका घेऊ नका.

फोटोंचं म्हणाल तर नळ्या दिसणारे फोटो मी काढून टाकले नाहीत. त्यातल्या एकात तो वर बघतोय. पाहुण्यांना वाटतं, नजर भरकटली आहे. आम्हा घरच्यांना माहीत आहे, त्याला काहीतरी विचारलं होतं आणि तो 'हो' म्हणत होता. काय विचारलं होतं ते आठवत नाही. मुलगी म्हणते, चिकटपट्टीचंच असणार.

वही लिहायला घेतलीत की पहिलं वाक्य इथे लिहाल का? मी वाचेन.