पॅनेल डीसीआर निघाले नाहीत, सबसिडी अडकली : दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न : कराडला आमचे स्वतःचे घर आहे. पीएम सूर्यघर योजनेतून गच्चीवर ५४० वॅटचे सहा सौर पॅनेल बसवले. पुण्याच्या व्हेंडरशी १,९२,००० रुपयांना ठरले होते. त्यातले १,७६,००० दिले (यात दीड लाख बँकेचे कर्ज), १६,००० बाकी आहेत. ७८,००० रुपये सबसिडी येईल, असे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले होते. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसला, बिलही उतरले, पण ‘पॅनेल डीसीआर नाहीत’, म्हणजे देशी बनावटीच्या अटीत बसत नाहीत, या कारणाने सबसिडी नाकारली गेली. व्हेंडर म्हणतो, माल ‘मेड इन इंडिया’ आणि एएलएमएम या सरकारमान्य यादीतला आहे, चूक महावितरणची. आता म्हणतो, आठ हजार द्या, डीसीआरचा कागद करून देतो. काय करावे?

उत्तर : आठ हजार देऊ नका. हे सर्वांत आधी सांगतो, कारण बाकीची बाजू आपली भक्कम आहे आणि ती एवढ्या एका गोष्टीने बिघडू शकते. दुसऱ्या पॅनेलचे अनुक्रमांक घालून तयार केलेले प्रमाणपत्र हा बनावट दस्त आहे. तो बनवणे आणि तो खरा म्हणून वापरणे, दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली गुन्हे आहेत, आणि त्यावर सरकारी पैसे उचलले की कलम ३१८ची फसवणूक होते. सबसिडीचा अर्ज आपल्या नावाचा, खाते आपले. उद्या तपासणी झाली तर पहिला प्रश्न आपल्याला विचारला जाईल. त्याने हा प्रस्ताव फोनवर दिला असेल, तर ‘असा कागद मला नको, करारात ठरलेले डीसीआर पॅनेल द्या’ असे आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. हाच संदेश पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

आता वादाच्या मुळाशी येऊ. एएलएमएम आणि डीसीआर या दोन वेगळ्या अटी आहेत आणि व्हेंडर त्यांची सरमिसळ करतो आहे. एएलएमएम ही केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मान्य केलेल्या पॅनेल-मॉडेलांची यादी. त्या यादीतल्या पॅनेलच्या आतले सेल (उन्हापासून वीज बनवणारे छोटे तुकडे) बाहेरच्या देशातले असू शकतात. भारतात आणून जोडणी केली की पॅनेलवर ‘मेड इन इंडिया’ छापता येते. डीसीआरसाठी मात्र पॅनेल आणि त्यातले सेल, दोन्ही भारतात बनलेले लागतात, आणि घरगुती सबसिडी फक्त अशाच पॅनेलवर मिळते. असे पॅनेल बरेच महाग पडतात, म्हणून गफलत नेमकी इथेच होते. महावितरणने सबसिडी नाकारली ती नियमाला धरूनच. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळून ७८,००० हा आपला आकडा बरोबर आहे. तो बुडाला व्हेंडरमुळे, तेव्हा भरून द्यायचाही त्यानेच.

हे सिद्ध करायला अनुक्रमांक हवेत. पॅनेलच्या मागचे लेबल आता स्ट्रक्चरखाली गेले असेल, पण बहुतेक पॅनेलवर काचेच्या आत कडेला किंवा फ्रेमच्या बाजूला बारकोडसह तोच क्रमांक असतो. सकाळी ऊन चढण्याआधी, काचेवर चकाकी नसताना, सहाही पॅनेलचे जवळून फोटो काढा. मग पॅनेल बनवणाऱ्या कंपनीला ई-मेल करून ‘हे सहा क्रमांक डीसीआर उत्पादनाचे आहेत का, आणि कोणत्या बिलाने कोणाला विकले’ असे विचारा. ‘डीसीआर नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले तरी काम होते. पॅनेल प्रयोगशाळेत पाठवण्याच्या फंदात पडू नका. ग्राहक कायद्यात ती सोय दोषपूर्ण वस्तूसाठी आहे. आपले पॅनेल वीज देत आहेत, वाद फक्त ते कुठे बनले याचा आहे. चाचणी मागितली की महिने आणि पैसे दोन्ही जातील.

जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज महावितरणच्या संबंधित कार्यालयात द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि चारच गोष्टी मागा : व्हेंडरने भरलेले पॅनेलचे अनुक्रमांक, त्याने दिलेले डीसीआरचे घोषणापत्र, जोडणीच्या वेळचा तपासणी अहवाल, आणि सबसिडी नाकारल्याचा शेरा. उत्तराची मुदत ३० दिवस. व्हेंडरने भरलेले क्रमांक आणि आपल्या फोटोतले क्रमांक वेगळे निघाले, तर प्रकरण नुसत्या सेवेतील त्रुटीचे राहत नाही. मग पोलिसांत फसवणुकीची तक्रार देण्यात अर्थ आहे. क्रमांक जुळत असतील, तर पोलीस ‘दिवाणी वाद’ म्हणून परत पाठवतील, तिथे वेळ घालवू नका.

पैसे मिळवण्याची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. व्हेंडर पुण्याचा असला तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो, म्हणजे आपला साताऱ्यात. यंत्रणेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. वकील लावणे बंधनकारक नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची (कलम ६९). ती सबसिडी नाकारल्यापासून मोजावी असा आपला युक्तिवाद राहील, पण धोका नको म्हणून यंत्रणा बसवल्याच्या तारखेपासून मोजून त्याच्या आत दाखल करा.

आधी पंधरा दिवसांची नोटीस द्या, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. कोटेशनमध्ये डीसीआर शब्द आहे का, हे पाहा. बिलावर अनेकदा नुसते ‘मोनो पर्क ५४० वॅट, ६ नग’ एवढेच असते. तसे असेल तरी घाबरू नका. योजनेतून बसवण्याचे आणि सबसिडीचे आश्वासन व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, त्यातच डीसीआर माल देण्याची जबाबदारी येते. योजनेच्या पोर्टलवरचा व्हेंडर-ग्राहक करार आपल्या सहीचा असेल, त्याची प्रत जोडा. चॅटच्या छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र लावा. आयोग पुराव्याच्या बाबतीत तितका काटेकोर नसतो, पण समोरच्याला हरकत घ्यायला जागाच कशाला ठेवायची?

मागणी नेमकी लिहा. ७८,००० रुपये, त्यावर व्याज, मानसिक त्रास आणि खर्च. डीसीआर आणि साध्या पॅनेलच्या किमतीतला फरकही वेगळा मागावा असे वाटेल, पण ती एकाच नुकसानीची दोनदा भरपाई होते आणि त्याने दावा लोभी दिसतो. तो फरक फक्त पर्यायी मागणी म्हणून ठेवा. महावितरणला मुख्य सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करू नका. कागदपत्रे माहिती अधिकारात मिळतील, आणि विनाकारण ओढलेला पक्ष आपल्याच विरुद्ध बोलतो. व्हेंडरला आयोगाची नोटीस पोचल्यापासून ३० आणि वाढवून १५, असे ४५ दिवस म्हणणे मांडायला मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. ४६व्या दिवशी ‘म्हणण्याशिवाय प्रकरण पुढे चालवा’ असा अर्ज द्या.

बाकीचे १६,००० रोखून धरा, पण गप्प राहून नाही. ‘सबसिडीच्या नुकसानीपोटी राखून ठेवले आहेत’ हे नोटिशीत लिहा आणि दाव्यात तेवढी वजावट दाखवा. बँकेचा हप्ता मात्र एकही चुकवू नका. बँकेशी करार वेगळा आहे, आणि व्हेंडरची चूक हा तिथे बचाव होत नाही. सबसिडी नाकारली म्हणून नेट मीटर काढतील ही भीतीही सोडा. सबसिडीशिवायही घरगुती छतावरच्या यंत्रणेला नेट मीटर मिळतो. पॅनेल उतरवू नका, वीज वापरत राहा.

नोटीस गेल्यावर व्हेंडर बहुधा पॅनेल बदलून देण्याची तयारी दाखवेल. होकार देण्याआधी महावितरणच्या उपविभागाला लेखी विचारा : पॅनेल बदलल्यावर याच अर्जावर फेरतपासणी होऊन सबसिडी मिळेल का? योजना आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंतची आहे, तेव्हा फार थांबता येणार नाही. लेखी होकार आला तर नवे अनुक्रमांक, डीसीआर प्रमाणपत्र आणि नवे बिल हातात आल्यावरच जुने पॅनेल काढू द्या. ‘काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर ७८,००० खात्यात जमा होईपर्यंत सही करू नका.