बलुतं खळ्यावरच मोजायचं

ठाणे, ११ डिसेंबर २०२५

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तुझा फोन झाल्यावर मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो. काकू विचारायला लागली, काय झालं, कोणाचं काही कमीजास्त? म्हटलं, कोणाचं नाही, एक जुनं दुखणं वर आलं. “काका, माझा टीडीएस कापलाय ना, मग हे ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते कसले?” हे तू ज्या सुरात विचारलंस, त्याच सुरात मीही एकदा माझ्या सीएंना विचारलं होतं. नोकरी सोडून वर्षही झालं नव्हतं.

तुला धीर वगैरे देत नाही. नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू केलंस ते बरं केलंस, काम चोख करतेस, हे आपल्या दोघांना माहीत आहे. बोलायचंय ते पैशाबद्दल. म्हणजे खरं तर तुझ्या नसलेल्या पैशाबद्दल.

आधी तुझा गोंधळ. मुंबईच्या एजन्सीने चार लाखांच्या बिलांवर दहा टक्के कापले, ४०,०००. तोच टीडीएस. सिंगापूरच्या क्लायंटने काही कापलं नाही आणि कापणारही नाही. पगारात असताना कंपनी तुझा वर्षाचा कर मोजून महिन्याला कापायची. एजन्सी तुझा कर मोजत नाही. ती कायद्याने ठरलेला तुकडा कापते आणि मोकळी होते. उरलेला तू मोजायचा.

दुसरा घोटाळा त्या “बारा लाखांपर्यंत कर नाही” या मथळ्याने केलाय. तू म्हणालीस, खर्च वजा जाता उरलेल्या अठरा लाखांतले बारा माफ, म्हणजे सहावर कर. नाही गं बाई. ती सूट ज्याचं उत्पन्न बाराच्या आत आहे त्याच्यासाठी. बाराच्या बऱ्याच पुढे गेलीस की सूट संपते आणि मोजणी थेट चार लाखांपासून सुरू होते. २०२५-२६ साठी चार ते आठ पाच टक्के, आठ ते बारा दहा, बारा ते सोळा पंधरा, सोळा ते वीस वीस टक्के. अठरा लाखांवर १,६०,००० आणि वर चार टक्के उपकर, एकूण १,६६,४००. त्यातून टीडीएसचे ४०,००० वजा कर. उरले १,२६,४००. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत सगळा. हे आकडे एकूण धरायचे, प्रत्येक वेळी नव्याने नाही. आमच्या वेळी जूनचा हप्ता नव्हता, सप्टेंबरपासून तीनच होते. २०१६ मध्ये तुमचे चार झाले.

म्हणजे या सोमवारपर्यंत तुझे ९४,८०० जायला हवेत. आणि तू मला सांगितलंस की खात्यात सत्तर हजार आहेत.

इथे मी फोनवर चिडलो. माफी मागत नाही. एकवीस लाख जमा झाले, तीन लाख कामाचा खर्च, घरभाडं, स्पितीची सहल, दीड लाखाचा लॅपटॉप. (आणि लॅपटॉपचे दीड लाख तू खर्चात धरले असशील तर काढ. त्याची किंमत एकदम वजा होत नाही, घसारा म्हणून थोडी थोडी होते, वर्षाला ४० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलास तर वीसच.) उधळपट्टी केलीस असं म्हणत नाही. सिंगापूरहून आलेली रक्कम तू एका खात्यात एकगठ्ठा ठेवलीस आणि ती सगळी आपली समजलीस, एवढंच म्हणतोय.

माझे आजोबा संगमनेरकडचे. सुगी झाली की सुताराचं, लोहाराचं, कुंभाराचं बलुतं, म्हणजे वर्षभराच्या कामाचा धान्यातला वाटा, ते खळ्यावरच मोजून द्यायचे. धान्य घरी आणून कणगीत भरायचं आणि मग त्यातून द्यायचं, असं कधी नाही. कारण एकदा कणगीत गेलं की ते आपलं वाटायला लागतं, आणि आपल्यातलं द्यायला हात आखडतो. मला हे लहानपणी ऐकून माहीत होतं. तरी मी माती खाल्लीच.

२००६ च्या दिवाळीत मला एका मोठ्या गृहसंकुलाच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं काम मिळालं. तोवर एवढी रक्कम एकदम पाहिली नव्हती. बदलापूरला फ्लॅटचं टोकन दिलं. डिसेंबरचा हप्ता “मार्चमध्ये बघू” म्हणून सोडला. मार्च आला तेव्हा ६२,००० कमी पडत होते आणि पुढचं बिल अडकलेलं. तुझ्या काकूची पोस्टात पाच वर्षांची आरडी होती, शिकवण्यांच्या पैशातून भरलेली. चौथ्या वर्षी ती मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज मिळालं ते साध्या बचत खात्याच्या दराने. ती एक शब्द बोलली नाही. पासबुक मात्र फेकलं नाही तिने. अजून कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

तो फ्लॅट आज भाड्याने आहे आणि त्याची किंमत कितीतरी पट झालीय. हिशेबाने बघितलं तर मी चुकलो नाही. दरसाल मी स्वतःला हे सांगतो. पण ते टोकन माझ्या पैशाचं नव्हतं, हेही दरसाल आठवतं.

म्हणून आले त्या दिवशी वेगळे. महिनाअखेरीला नाही, हप्त्याच्या आठवड्यात नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पाठवायचे. त्या खात्याचं कार्ड नको, यूपीआय जोडलेलं नको. मी माझं मुद्दाम सहकारी बँकेत ठेवलंय, रिक्षा करून जावं लागतं. मुलगा हसतो. हसू दे.

किती वेगळे? तुझ्या उत्पन्नाला हिशेबाने दहा टक्के पुरतील, मी पंधरा सांगतो. टीडीएस कापून आलेल्यातूनही काढ. आणि फेब्रुवारीत अचानक मोठं काम आलं तर ही सरासरी विसर. दोन लाख वर मिळाले तर ते वरच्या टप्प्यात बसतात, त्यांच्यावर ४१,६०० जातात. त्यातले पंचवीस टक्के त्याच दिवशी उचल.

“पण काका, पुढच्या महिन्यात काम येईल की नाही हेच माहीत नसतं, अंदाज कसा करू?” अंदाज करूच नकोस. आजपर्यंत आलेलं मोज, हातात पक्की असलेली कामं मिळव, त्यावर हप्ता भर. पुढच्या तारखेला पुन्हा मोज. जास्त गेले तर परत मिळतात. आणि बाजूला काढलेले असले की अंदाज चुकला तरी घाम फुटत नाही.

जून-सप्टेंबर चुकल्याचं व्याज तुला लागणार, साधारण २,२७० रुपये. घाबरण्यासारखं काही नाही. समज, टीडीएसही नाही आणि अठरा लाखांचा सगळा कर थेट जुलैत भरला, तरी हप्ते चुकल्याचं आणि वर्ष संपल्यावरही थकल्याचं, अशी दोन्ही व्याजं मिळून पंधरा हजारांच्या आसपास जातं. व्याजाने कोणी बुडत नाही. जुलैत एकदम पावणेदोन लाख आणायचे कुठून, तिथे माणूस बुडतो. बुडतो म्हणजे बायकोची आरडी मोडतो.

आता माझ्या हट्टाबद्दल, कारण तू बाबांकडून ऐकलं असशीलच. मी इंजिनिअर, प्राप्तिकराच्या कलम ४४ एडीएमधल्या ठरावीक व्यवसायांच्या यादीत बसतो. निम्मं उत्पन्न नफा धरून सगळा कर १५ मार्चला एकदाच भरायची मला मुभा आहे. सीए दरवर्षी सांगतात, साहेब, तोवर एफडीत ठेवा. मी ऐकत नाही. चार वेळा भरतो. तीन-चार हजारांचं व्याज जातं, मान्य. त्या बदल्यात ऑक्टोबरात मला कोणी प्लॉट दाखवायला आला तर माझ्याकडे दाखवण्यासारखे पैसेच नसतात. हा वेडेपणा मी विकत घेतलाय. (तुझं डिझाइनचं काम त्या यादीत बसतं का, हे सीएला विचार. मनाने ठरवू नकोस. जमा वीस लाखांपुढे गेलीय, तेव्हा जीएसटीच्या नोंदणीचंही आजच विचार. परदेशातली बिलंही त्यात मोजतात.)

सोमवारचं. सत्तर आहेत, पंचवीस कमी. बाबांकडे माग, माझ्याकडे माग, पण क्रेडिट कार्डावर काढू नकोस. भरताना आकारणी वर्ष २०२६-२७ निवड, २०२५-२६ नाही, आणि प्रकार ॲडव्हान्स टॅक्स, कोड १००. मी एकदा चुकीचं वर्ष टाकलं होतं, ते दुरुस्त करून घेता घेता चपला झिजल्या. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा येतोय, त्यात आकारणी वर्ष जाऊन नुसतं कर वर्ष राहणार, तेव्हा तुझ्यानंतरच्या पोरांचा हा घोळ तरी वाचेल. रविवारी रात्री बसू नकोस, शनिवारीच उरक.

आणि त्या एजन्सीचं जानेवारीचं बिल आलं की आधी ते पंधरा टक्के, मग माझे पंचवीस हजार. मला उशीर झाला तर चालेल.

चलन भरलंस की पावती व्हॉट्सॲपवर पाठव. नुसतं “झालं काका” नको, पावती.

तुझा,
काका