नाल्यातला दगड: हाड की कंकर?

प्रश्न : मी वरोरा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. पाऊस ओसरल्यावर मुलांनी नाल्यातून चार दगड आणले. एक लाकडाच्या ढलपीसारखा आहे, एकावर नेच्याच्या पानाची काळी नक्षी आहे, तिसरा शंखासारखा आहे (मुलं त्याला शाळिग्राम म्हणतात) आणि चौथा पांढरट, गुडघ्याच्या हाडासारखा. फोटो पाठवत आहे. यातले जीवाश्म कोणते? आणि मुलांना घेऊन तिथे खणायला जावं का?
– एक शिक्षक, जि. चंद्रपूर

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. तुमच्या तालुक्याच्या आसपास पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावं आहेत, आणि जगभरचे डायनासोर-अभ्यासक ती नावं ओळखतात. डोंगरगावच्या सांगाड्यावरून १९९७ साली एका लांबमान्या डायनासोरची नवी जात नोंदली गेली. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आज त्याला ‘आयसिसॉरस’ म्हणतात. पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरांच्या काळातल्या अश्मीभूत विष्ठेचे गोळे सापडतात. त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ साली ते जगापुढे आलं. डायनासोरांच्या काळातही गवत होतं, हे त्यामुळे पक्कं झालं. तेव्हा मुलांनी उचललेला दगड सहज फेकून देऊ नका.

आता सुरुवात पांढऱ्या दगडापासून करते, कारण सगळ्यात जास्त फसवतो तो हाच. कॉलेजात असताना असाच एक दगड मी दिवसभर पाठीवर वागवला. त्याला सांध्याची गोलाई होती, मधे खोबण होती, मला तर मांडीचं हाड सापडल्याची खात्रीच झाली होती. आमच्या सरांनी काही न बोलता त्याच्या कडेचा टवका उडवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत सगळीकडे एकसारखा, मातकट पांढरा चुना होता. तो कंकर होता, काळ्या मातीत चुना साकळून झालेला खडा. कंकराला हाडाचा, बटाट्याचा, आल्याच्या गड्ड्याचा, कसलाही आकार येतो. त्या दिवसापासून मी दगडाचा आकार शेवटी बघते, तुटलेली कड आधी.

हाडाची तुटलेली कड वेगळी असते. बाहेर घट्ट साल आणि आत पावासारखी बारीक जाळी. जीवाश्मात ती छिद्रं बहुधा दुसऱ्या खनिजाने भरलेली असतात, तरी भिंगातून वीण दिसते. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. कडेची थोडी पूड करून तिच्यावर लिंबू पिळा. कंकर असेल तर बुडबुडे येतील. हाडाच्या भेगांत चुना शिरला असेल तर तिथेही येतात, म्हणून एकट्या या परीक्षेवर विसंबू नका, वीण बघाच. तुमच्या फोटोत कडेला जो टवका गेलाय तिथे मला जाळी दिसत नाही. माझ्या मते हा कंकर आहे.

नेच्याची नक्षी हा जीवाश्म नाही. दगडाच्या भेगेत मॅंगनीजयुक्त पाणी झिरपतं आणि काळे धुमारे फुटत जातात. त्यांना मधली शीर नसते, फांद्या भेगेच्या कडेपासून आत पसरतात. तुमच्या भागातल्या कोळशाच्या जुन्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाची खरी पानं मिळतात. त्यांना जिभेसारखा आकार, ठसठशीत मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा असतात. मुलांना दोन्ही शेजारी काढून दाखवा, पुन्हा चुकणार नाहीत.

तिसरा मात्र खराच आहे! शाळिग्राम नव्हे. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीतून येतो आणि तो अमोनाइट नावाच्या समुद्रातल्या नामशेष शंखधारी प्राण्याचा असतो. तुमच्याकडचे हे थर तळ्यांचे, नद्यांचे. हा गोड्या पाण्यातला फायसा नावाचा शंख. टोक वर धरून बघा : तोंड डाव्या हाताला येतं. आपल्या तळ्यांतल्या बहुतेक शंखांचं उजवीकडे असतं. शिवाय हल्लीचं शिंपलं हलकं आणि पोकळ असतं, हा जड आहे आणि आतून गारगोटीच्या दगडाने गच्च भरलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरत होता त्या सुमारास, तळ्याच्या चिखलात तो रुतला असावा.

लाकडाच्या ढलपीचा फोटो तुम्ही लांबीच्या बाजूने काढलाय. लांबीत धागे दिसतात खरे, पण थरांचा एखादा साधा दगडही तसा दिसतो. आडवी बाजू ओली करून बघा. चाकूचा ओरखडा उठत नसेल आणि आडव्या कडेवर वलयं किंवा बारीक ठिपके असतील, तर लाकूडच. दाट विखुरलेले ठिपके म्हणजे ताड-माडाच्या कुळातलं झाड.

खणायचं मात्र नाही. मुलांनी सैल पडलेलं तेवढं उचलावं, आणि उचलण्याआधी शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा, वहीत जागा लिहावी. मग नाल्याच्या वरच्या अंगाला चालत जा. शंख मिळत राहतील, कडा अधिक धारदार होत जातील, आणि एका ठिकाणी मिळायचे थांबतील. त्याच्या आसपास काठात त्यांचा थर असणार. तिथे हाडासारखं काही अडकलेलं दिसलं तर हात न लावता नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. उपटलेलं हाड मोडतं, आणि ते कुठल्या थरातून आलं हे कायमचं हरवतं. या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं, म्हणून इतकं ठासून सांगते.

आणि ढलपीचा आडवा फोटो नक्की पाठवा. वलयं आहेत की ठिपके, ते मला बघायचंय.