वडील घोरताना मध्येच श्वास थांबतो. हा स्लीप अॅप्निया असेल का? मशीन लावावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय, बाबा जोरात घोरतात, मध्येच एकदम शांत होतात आणि मग दचकून श्वास घेतात. त्या शांत होण्याकडेच लक्ष द्या. घोरतात पुष्कळजण. पण झोपेत घसा मिटून श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, असं रात्रभर होत असेल तर स्लीप अॅप्नियाचा संशय घ्यायलाच हवा.

ज्याला होतं त्याला पत्ताच नसतो. माझे यजमान डिचोली-पणजी बस चालवतात. 'मला झोप मस्त लागते' असंच म्हणायचे. पण सकाळी डोकं जड, रात्री लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही बीपी चढलेलं, आणि जेवणानंतर बसल्या जागी डुलकी. शेवटी मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. छाती-पोट जोर करून हलतंय आणि नाकातोंडातून आवाजच नाही! डॉक्टरांनी तो बघून लगेच स्लीप स्टडी लिहून दिली. तुम्हीही काढा, आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवा.

स्लीप स्टडीत श्वास तासाला किती वेळा थांबतो किंवा अपुरा पडतो ते मोजतात. ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. काहींची ही तपासणी घरीही होते.

सौम्य असेल तर वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, संध्याकाळची दारू बंद, यानेही फरक पडतो. झोपेच्या गोळ्या मनाने अजिबात देऊ नका. खालचा जबडा पुढे धरणारं साधन दातांचे डॉक्टर बनवून देतात. टॉन्सिल फार मोठे असतील तर ऑपरेशनचा विचार होतो.

मध्यम-तीव्रला मात्र सीपॅप मशीनच बहुतेक सुचवतात. त्यात ऑक्सिजन नसतो, नाकावर किंवा नाकातोंडावर लावलेल्या मास्कमधून येणाऱ्या साध्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. सुरुवातीला सगळेच वैतागतात, पण बरेचदा दोष मास्कचा असतो. कडेने हवा सुटते, डोळ्यांत जाते, तोंड कोरडं पडतं. दुसऱ्या मापाचा मास्क मागून घ्या, मशीन माळ्यावर टाकू नका. पावसात आपल्याकडे वीज जाते, म्हणून आम्ही ते इन्व्हर्टरवर घेतलंय. वीज गेली तरी सहसा गुदमरायला होत नाही: नाकातोंडावरच्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नुसत्या नाकाच्या मास्कमध्ये तोंडाने श्वास घेता येतो.

आणि बाबा दिवसा पेंगत असतील तर उपचार सुरू होऊन झोप सुधारेपर्यंत स्कूटर, गाडी त्यांच्या हाती देऊ नका.