विटंबना आणि नासधूस एकच का?

प्रश्न असा होता की पुतळ्याची ‘विटंबना’ आणि पुतळ्याची ‘नासधूस’ यात फरक काय, आणि पुस्तकाची किंवा चित्राचीही विटंबना होते का.

माझ्या मते फरक चांगलाच मोठा आहे. वादळात पुतळ्याचा हात तुटला तर आपण नुकसान म्हणतो, पण कुणी त्याच्यावर नुसता चिखल फेकला, एक टवकाही उडाला नाही, तरी ती विटंबनाच. म्हणजे या शब्दाला दगड फुटण्याशी घेणंदेणंच नाही, करणाऱ्याचा हेतू लागतो आणि बघणाऱ्यांच्या मनात आधीपासून असलेला मान लागतो. शिल्पकाराच्या वर्कशॉपमध्ये त्याच पुतळ्यावर दिवसभर छिन्नी हातोडा चालतो तेव्हा कुणाला काही वाटत नाही, एकदा अनावरण झालं, दरवर्षी हार चढायला लागले, लोक चपला काढून पुढे जायला लागले की मग साधा धक्काही खपत नाही. मंत्र कुणी म्हटलेले नसतात पण परिणाम प्राणप्रतिष्ठेसारखाच होतो!

मूळ संस्कृत शब्द विडम्बना, त्याचा अर्थ नक्कल करणं, चेष्टा करणं. मराठीत त्याच घरातले दोन शब्द नांदतात, पॅरडीला विडंबन आणि अपमानाला विटंबना, आणि मला यातली गंमत अशी वाटते की दोन्हीला आधी मानाचं काहीतरी लागतंच. जी कविता कुणाला माहीतच नाही तिचं विडंबन कोण करणार?

हा मान वस्तूत नसतो, नंतर येऊन चिकटतो. हिरोशिमाचा तो घुमट बघा, 1915 मधली मालाच्या प्रदर्शनाची इमारत, 1945 च्या बॉम्बनंतर नुसता सांगाडा उरला, तो बघून त्रास होतो म्हणून पाडून टाका म्हणणारे लोक तिथलेच होते, शेवटी 1966 मध्ये शहराच्या कौन्सिलने तो जपायचं ठरवलं आणि 1996 मध्ये तो जागतिक वारसा झाला. आज त्या भिंतीवर कुणी रेघोट्या मारल्या तर मराठी माणूससुद्धा विटंबनाच म्हणेल.

पुस्तकाचं म्हणाल तर, प्रत फाडली जाळली तर ‘विटंबना’ हा शब्द चालतो, पण मजकुरात ढवळाढवळ झाली तर आपण ‘पाठ भ्रष्ट झाला’ म्हणतो, आणि शुद्ध, भ्रष्ट हे सगळे सोवळ्याओवळ्यातलेच शब्द आहेत बरं का. 1290 ची ज्ञानेश्वरी नकला होता होता बदलत गेली, एकनाथांनी 1584 मध्ये ती शुद्ध केली आणि बजावलं की यापुढे कुणी यात आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.

चित्राला माझ्या मते ‘विटंबना’ हा शब्द चालेल, पण लोकांनी ते आपलं मानलेलं असेल तरच. नाहीतर सरळ ‘खराब केलं’ म्हणा.