वाचकांचे प्रश्न : लेस्टर जेम्स पीरिस आणि सिंहली चित्रपट

प्रश्न : 'निधानय' हा जुना श्रीलंकन चित्रपट अलीकडेच पाहिला आणि त्याचे दिग्दर्शक लेस्टर जेम्स पीरिस यांच्याविषयी कुतूहल निर्माण झाले. त्यांना सिंहली चित्रपटाचे जनक म्हटले जाते. पण त्यांच्या घरी इंग्रजीच बोलली जात असे, असेही वाचनात आले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा?

उत्तर : आधी 'जनक' या शब्दाविषयी. ऐतिहासिकदृष्ट्या तो काटेकोर नाही. पहिला सिंहली बोलपट 'कडवुणु पोरोन्दुव', म्हणजे 'मोडलेले वचन', हा जानेवारी १९४७ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा पीरिस चित्रपटाच्या व्यवसायात आलेलेही नव्हते. मात्र तो चित्रपट दक्षिण भारतातल्या स्टुडिओत तयार झाला होता आणि पुढची काही वर्षे तोच शिरस्ता राहिला : कलावंत समुद्र ओलांडून जायचे, रंगवलेल्या पडद्यांसमोर उभे राहायचे आणि तमिळ चित्रपटांच्या साच्यातली कथा सिंहलीत बोलून परतायचे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला खुद्द सिलोनमध्येही स्टुडिओ उभे राहू लागले, पण जागा बदलली तरी साचा तोच राहिला. पीरिस यांनी तो साचा मोडला, आणि 'जनक' हे विशेषण त्यांना चिकटले ते या अर्थाने.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १९१९ रोजी कोलंबोजवळच्या देहिवल येथे झाला. वडील स्कॉटलंडमध्ये शिकून आलेले डॉक्टर, घर कॅथलिक, बोलणे इंग्रजीत आणि शिक्षण कोलंबोच्या सेंट पीटर्स कॉलेजात. धाकटे बंधू आयव्हन हे चित्रकार होते आणि आधुनिक चित्रकारांच्या '४३ ग्रुप'चे संस्थापक सदस्य होते. लेस्टर यांनी शिक्षण अर्धवट सोडून इंग्रजी वृत्तपत्रांत लेखन सुरू केले आणि १९४७ मध्ये ते आयव्हन यांच्यापाठोपाठ लंडनला गेले. तेथून ते 'टाइम्स ऑफ सिलोन'साठी कलाविषयक वार्तापत्र पाठवीत आणि उरलेल्या वेळात लहान लघुपट करीत. एखाद्या सुखवस्तू घरातल्या हौशी तरुणाचे आयुष्य असते तसेच हे आयुष्य होते. त्यात ग्रामीण सिंहली जीवनाचा लवलेशही दिसत नाही.

वळण आले ते राल्फ कीन या ब्रिटिश माहितीपटकारामुळे. कीन तेव्हा सिलोनच्या सरकारी चित्रपट विभागात काम करीत होते आणि त्यांच्या आग्रहावरून पीरिस १९५२ मध्ये मायदेशी परतून त्याच विभागात रुजू झाले. कोरडवाहू प्रदेशातल्या हिवतापाच्या निर्मूलनावर त्यांनी माहितीपट केला, रस्त्यावरच्या सुरक्षिततेवर दुसरा केला. माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण ते हेच. इंग्रजी घरात ज्यांच्याशी बोलण्याची वेळ आली नसती अशी माणसे, त्यांची गावे आणि तिथला लख्ख उजेड त्यांनी नोकरीचा भाग म्हणून पाहिला. १९५५ मध्ये छायालेखक विल्यम ब्लेक आणि संकलक टायटस डी सिल्वा (पुढे टायटस तोटवत्त या नावाने ते स्वतः मोठे दिग्दर्शक झाले) यांना बरोबर घेऊन त्यांनी ती नोकरी सोडली.

या तिघांनी केलेला 'रेखाव' डिसेंबर १९५६ मध्ये कोलंबोत झळकला. सिंहली शीर्षके वाचताना मराठी माणसाला ओळखीचे काहीतरी सापडते. 'रेखाव' म्हणजे रेखा, इथे नशिबाची रेघ. 'निधानय' म्हणजे तर आपले 'निधान'च, पुरलेला ठेवा. 'रेखाव'मध्ये सेना नावाच्या खेडवळ मुलाच्या हाती रोग बरे करण्याची शक्ती येणार असे भविष्य वर्तवले जाते, त्याच्या स्पर्शाने अनुला या मुलीची गेलेली दृष्टी परत येते, बाप त्या चमत्काराचा धंदा मांडतो आणि पुढे गावावर संकट आले की तेच गाव त्या पोरावर उलटते. संपूर्ण चित्रपट स्टुडिओबाहेर, खऱ्या घरांत आणि खऱ्या शेतांत चित्रित झाला. असे करणारा तो पहिला सिंहली चित्रपट होता.

ते वर्षही लक्षात घ्यावे. १९५६ मध्येच बंडारनायके पंतप्रधान म्हणून निवडून आले आणि सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. त्याच वर्षी नाटककार सरच्चंद्र यांचे 'मनमे' हे नाटक रंगभूमीवर आले आणि मार्टिन विक्रमसिंह यांची 'विरागय' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सिंहलीचा असा जागर चालू असताना सिंहली चित्रपटाला त्याची भूमी मिळवून दिली ती मात्र इंग्रजीत वाढलेल्या एका कॅथलिक माणसाने. या विसंगतीत मला आश्चर्य कमी आणि तर्क अधिक दिसतो. जो बाहेरून येतो त्याला काहीच गृहीत धरून चालता येत नाही. त्याला पाहावे लागते, विचारावे लागते. संवादांवर आपली पकड कमी आहे याची पीरिस यांना जाणीव असावी, कारण पुढे आयुष्यभर त्यांनी कथेसाठी सिंहली साहित्यिकांचा आधार घेतला आणि स्वतःकडे राखले ते चेहरे, अंतरे व शांतता. त्यांच्या चित्रपटांत महत्त्वाची गोष्ट बहुधा कोणी बोलत नाही.

याचा सर्वांत परिपक्व नमुना म्हणजे विक्रमसिंह यांच्या १९४४ च्या कादंबरीवरून केलेला 'गम्पेरळिय' (१९६३). 'गम' म्हणजे गाव आणि 'पेरळिय' म्हणजे उलथापालथ. दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खेड्यातले 'महागेदर', म्हणजे तिथले मोठे घर, हळूहळू खचत आहे. घरची मुलगी नंदा हिला इंग्रजी शिकवायला येणारा पियल तिच्यावर प्रेम करतो, पण त्याचे घराणे कमी प्रतीचे म्हणून त्याला नकार मिळतो. नंदाचा विवाह कुलीन पण कफल्लक जिनदासशी होतो आणि तो पैसा कमावण्यासाठी दूर जाऊन तिकडेच संपतो. दरम्यान पियल शहरात श्रीमंत झालेला असतो. पियलची शिडी इंग्रजी आहे, हे पीरिस यांना कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. नाच नाही, मारामारी नाही, खलनायकही नाही. एक वर्ग मावळतो आणि दुसरा उगवतो, एवढेच घडते. पटकथा समीक्षक रेजी सिरिवर्धन यांची, संगीत अमरदेव यांचे आणि संकलन सुमित्रा गुणवर्धन यांचे होते. सुमित्रा यांच्याशी पीरिस यांचा १९६४ मध्ये विवाह झाला, आणि नंतर त्या स्वतंत्रपणे नामवंत दिग्दर्शिका झाल्या. जानेवारी १९६५ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'गम्पेरळिय'ला सुवर्ण मयूर मिळाला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सत्यजित राय होते.

प्रश्न : इतका गौरव होऊनही पन्नास वर्षांत त्यांचे चित्रपट वीसच्या आसपासच का? पुरस्कारांचा त्यांना व्यावहारिक लाभ झाला नाही का?

उत्तर : फारसा झाला नाही. 'रेखाव' १९५७ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता, आणि मायदेशी मात्र तो आपटला. गाणी व विनोदाला सरावलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. पुढचा 'संदेसय' (१९६०) हा पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्यावरचा ऐतिहासिक चित्रपट चांगला चालला, पण त्याला सिलोन थिएटर्ससारख्या मोठ्या कंपनीचे पाठबळ होते. असा निर्माता नेहमी मिळत नसे. साठच्या दशकाचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात सलग कामाचा. करुणासेन जयलत यांच्या कादंबरीवरचा 'गोलु हदवत' (१९६८) हा शाळकरी वयातल्या प्रेमाचा हळवा चित्रपट त्याच काळातला. 'द गॉड किंग' (१९७४) हा सिगिरियाच्या काश्यप राजावरचा इंग्रजी चित्रपट ब्रिटिश सहकार्याने झाला. त्यातला डामडौल पीरिस यांच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता, असे मला वाटते. १९८३ च्या 'युगान्तय'नंतर पुढच्या चित्रपटासाठी त्यांना थेट १९९५ पर्यंत थांबावे लागले. अखेरचा 'अम्मावरुने' २००६ मध्ये आला, तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. २९ एप्रिल २०१८ रोजी, नव्याण्णव वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. कोलंबोत ते ज्या डिकमन्स रोडवर राहत, त्या रस्त्याला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले होते.

प्रश्न : 'निधानय'नंतर पुढे काय पाहावे?

उत्तर : 'निधानय' आपण पाहिलाच आहे, तेव्हा एवढेच सांगतो की १९७२ मध्ये त्याला व्हेनिसला गौरव मिळाला, आणि पुढे जीर्णोद्धार होऊन २०१३ मध्ये तो त्याच महोत्सवात पुन्हा दाखवला गेला. गामिनी फोन्सेका यांचा विली हा खुनी असूनही दयनीय वाटतो, ही त्या चित्रपटाची ताकद. वेगळ्या चवीचे हवे असेल तर 'बद्देगम' (१९८०) पाहावा. हंबनतोट येथे ब्रिटिश अधिकारी असलेल्या लिओनार्ड वूल्फ यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्यात वूल्फ यांची भूमिका विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी केली आहे.

पण खरा आग्रह विक्रमसिंह यांच्या कादंबरीत्रयीवरच्या तीन चित्रपटांचा आहे. 'गम्पेरळिय', 'कलियुगय' आणि 'युगान्तय' यांच्या निर्मितीत वीस वर्षांचे अंतर पडले. 'कलियुगय'मध्ये नंदा आणि पियल कोलंबोत, पैशात आणि एकटेपणात राहतात. मुलगा दुरावून इंग्लंडला गेलेला आहे. या भूमिका पुण्या हीन्देनिय आणि हेन्री जयसेन यांनीच पुन्हा केल्या, त्यामुळे पात्रांचे वय रंगभूषेने वाढवावे लागले नाही. 'युगान्तय'मध्ये भांडवलदार बापाच्या भूमिकेत गामिनी फोन्सेका आहेत आणि डाव्या विचारांच्या मुलाच्या भूमिकेत पत्रकार रिचर्ड डी झोयसा. त्याच झोयसा यांचे १९९० मध्ये अपहरण करून हत्या करण्यात आली. आज तो चित्रपट पाहताना हे विसरणे अवघड जाते. शक्य असल्यास पहिले दोन चित्रपट लागोपाठच्या दिवशी पाहावेत, म्हणजे महागेदरच्या दारात उभी असलेली नंदा लक्षात असतानाच तिचा कोलंबोतला चेहरा समोर येईल.